अमेरिकेचं घड्याळ सरकतं, बग ऐरोलीत येतो: डीएसटीशी पहिल्यांदाच गाठ पडणाऱ्यांसाठी

ऐरोली, घणसोली, महापे, नाहीतर ठाण्यात वागळे इस्टेट. या पट्ट्यात परदेशी क्लायंटच्या प्रोजेक्टवर रुजू झालात की कधी ना कधी एक टिकीट वाट्याला येतंच. "रिपोर्टमध्ये एक तास कमी दिसतोय." किंवा "अपॉइंटमेंट एक दिवस आधीची दाखवतोय." तुम्ही लॅपटॉपवर चालवून बघता, सगळं बरोबर. टेस्टरकडेही बरोबर. क्लायंटकडे मात्र चूक. अशा वेळी कोड उघडायच्या आधी टिकिटाची तारीख बघा. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा नोव्हेंबरची सुरुवात असेल, तर संशयित कोण हे तिथेच कळलं. डेलाइट सेव्हिंग टाइम, म्हणजे डीएसटी: उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करायचं आणि हिवाळ्यात परत मागे घ्यायचं.

आपल्याकडे हा प्रकार नाही, आणि खरी मेख इथेच आहे. भारतात शेवटचं घड्याळ सरकलं ते १५ ऑक्टोबर १९४५ ला, महायुद्धासाठी पुढे केलेला एक तास परत मागे घेतला तेव्हा. त्यानंतर साडेपाच तासांचा ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जगभरच्या प्रमाण वेळेपासूनचं अंतर, जो बसला तो हललेला नाही. त्यामुळे भारतीय वेळेवर लावलेल्या लॅपटॉपवर प्रत्येक दिवस चोवीस तासांचा असतो, प्रत्येक वेळ एकदाच येते आणि प्रत्येक मध्यरात्र हजर असते. चुकीचा कोडसुद्धा इथे बरोबर उत्तर देतो. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य या विषयात बचाव म्हणून वापरू नका. तुमच्या मशीनवर ते चालणारच.

नेमकं होतं काय

अमेरिकेत सध्याचा नियम २००५ च्या एनर्जी पॉलिसी ॲक्टमुळे आला आणि २००७ पासून लागू आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ तीनवर जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनचं परत एकवर येतं. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. प्रत्येक झोन आपापल्या स्थानिक दोन वाजता सरकतो, म्हणजे न्यूयॉर्क आधी, शिकागो तासाभराने, लॉस एंजेलिस आणखी दोन तासांनी.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं, पण सगळीकडे एकाच क्षणी: यूटीसी रात्री एक, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

दोन्हीकडच्या तारखा जुळत नाहीत, म्हणून मधले तीन आठवडे विचित्र जातात. एरवी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पाच तासांचं अंतर असतं. ८ ते २९ मार्च २०२६ दरम्यान ते चार तासांचं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही तसंच. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला पडते, हिवाळ्यात साडेसातला. लंडनची नऊची उन्हाळ्यात दुपारी दीडला, हिवाळ्यात अडीचला. ऑफिसच्या कॅबची वेळ नोव्हेंबरात का बदलते, हे आता कळलं असेल.

अपवाद भरपूर आहेत. ॲरिझोना राज्य डीएसटी पाळत नाही, पण त्याच राज्याच्या हद्दीतलं नव्हाहो नेशन पाळतं. ऑस्ट्रेलियात सिडनी पाळतं, ब्रिस्बेन पाळत नाही; शिवाय तिकडे ऋतू उलटे, त्यामुळे घड्याळ ऑक्टोबरात पुढे आणि एप्रिलमध्ये मागे. ऑस्ट्रेलियाच्याच लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ अर्धाच तास सरकतं. म्हणून "डीएसटी असेल तर एक तास वाढव" अशी ओळ स्वतःच्या हाताने कधीही लिहू नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारची तारीख काढणारं फंक्शन कुणी लिहिलेलं दिसलं, तर ते कितीही देखणं असो, काढून टाका.

पायरी पहिली: हातात काय आहे ते ओळखा

लायब्ररी कुठली वापरायची हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारा, की आपल्याला क्षण हवाय, घड्याळातली वेळ हवीय, नुसती तारीख हवीय की कालावधी?

ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभे आहात असं समजा. इंडिकेटरवर वाशी लोकलची वेळ लागलीय, ती घड्याळातली वेळ. रोज तीच, आणि ती ठाण्याच्या घड्याळाला बांधलेली. गाडी प्रत्यक्षात हलली तो क्षण. जगात कुठूनही बघा, तो एकच. वाशीला पोचायला लागतो तो साधारण अर्धा तास म्हणजे कालावधी. आणि पासावर छापलेली शेवटची तारीख ही नुसती तारीख, तिला तास-मिनिटं नाहीतच.

कोडमध्ये या चारही गोष्टी एकाच "डेटटाइम" नावाच्या टाइपमध्ये कोंबल्या जातात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. पेमेंट कधी झालं, हा क्षण. डॉक्टरची पुढच्या महिन्यातली सकाळी दहाची अपॉइंटमेंट, ही एका शहरातल्या घड्याळातली वेळ. जन्मतारीख, विम्याची मुदत, सुट्टीचा दिवस, या नुसत्या तारखा. ओटीपी दहा मिनिटं चालतो, हा कालावधी. रिक्वायरमेंट वाचताना प्रत्येक फील्डसमोर यातलं काय ते पेन्सिलीने लिहून ठेवा. ठरत नसेल तर बिझनेस ॲनालिस्टला विचारा. बहुतेकदा त्यांनाही ते तेव्हाच सुचतं.

पायरी दुसरी: झोनचं पूर्ण नाव वापरा

वजा पाच तास हा ऑफसेट आहे, टाइम झोन नव्हे. न्यूयॉर्क हिवाळ्यात वजा पाच असतं, उन्हाळ्यात वजा चार. ऑफसेट एका क्षणापुरता खरा असतो. झोन म्हणजे त्या जागेचे सगळे नियम, मागचे आणि पुढचे. म्हणून डेटाबेसमध्ये "अमेरिका/न्यूयॉर्क", "युरोप/लंडन", "आशिया/कोलकाता" अशी नावं ठेवा. ही आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या टाइम झोन डेटाबेसमधली नावं आहेत. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला हा डेटाबेस पुढे पॉल एगर्ट सांभाळू लागले, आणि लिनक्स, अँड्रॉइड, जावा, पायथॉन, पोस्टग्रेस सगळे त्यावरच चालतात. जुन्या सिस्टिममध्ये "आशिया/कॅलकटा" दिसलं तर घाबरू नका, ते जुनं नाव आहे आणि अजून चालतं. मात्र दोन नावांची स्ट्रिंग म्हणून तुलना केलीत तर ती वेगळी ठरतील.

तीन अक्षरी संक्षेपांपासून लांब राहा. आयएसटी म्हणजे आपली वेळ, इस्रायलची वेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळसुद्धा. पोस्टग्रेसच्या डिफॉल्ट यादीत आयएसटीचा अर्थ इस्रायल धरलाय. आपला हवा असेल तर संक्षेपांची "इंडिया" नावाची यादी मुद्दाम लावावी लागते. जावाच्या जुन्या टाइमझोन क्लासमध्ये मात्र तोच आयएसटी म्हणजे कोलकाता. एकच स्ट्रिंग जावातून पोस्टग्रेसमध्ये गेली की साडेतीन तासांचा फरक, आणि एरर कुठेच नाही. सीएसटीचंही तेच, शिकागो आणि चीन दोघांचा. भर उन्हाळ्यात अमेरिकन माणूस ईमेलमध्ये "१० एएम ईएसटी" (न्यूयॉर्ककडची हिवाळी वेळ) लिहितो तेव्हा त्याला बहुधा ईडीटीच (तिथली उन्हाळी वेळ) म्हणायचं असतं. तो माणूस आहे म्हणून चालतं. तुमचा पार्सर ते शब्दशः घेईल आणि मीटिंग तासभर चुकेल.

जाता जाता: आपला ऑफसेट साडेपाच, नेपाळचा पावणेसहा. ऑफसेट पूर्णांकात ठेवणारा कॉलम दिसला तर तो डिझाइन रिव्ह्यूमध्येच पकडा.

पायरी तिसरी: साठवायचं कसं

"सगळं यूटीसीमध्ये ठेवा" हा सल्ला तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळेल. तो अर्धा बरोबर आहे.

घडून गेलेल्या गोष्टींसाठी पूर्ण बरोबर. पेमेंट, लॉगिन, सेन्सरचं रीडिंग, ऑर्डर, हे सगळं यूटीसीमध्ये ठेवा आणि दाखवताना वापरणाऱ्याच्या झोनमध्ये बदला. यूटीसीला डीएसटी नाही, त्यामुळे तिथे वजाबाकी नेहमी सरळ येते.

भविष्यातल्या, माणसाने ठरवलेल्या वेळांसाठी तो चुकीचा आहे. उदाहरण घेऊ. मेक्सिको सिटीतल्या एका दवाखान्यात रुग्णाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुढच्या वर्षीच्या १५ मेची, सकाळी दहाची वेळ घेतली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मे महिन्यात डीएसटी असणार होतं, ऑफसेट वजा पाच. सिस्टिमने यूटीसी दुपारी तीन असं साठवलं आणि मूळ दहा वाजता हे विसरून गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने सीमेलगतचा काही भाग सोडून डीएसटी बंदच केलं. आता मेमध्ये ऑफसेट वजा सहा. स्क्रीनवर अपॉइंटमेंट दिसली सकाळी नऊची. डेटाबेसमधला एकही आकडा बदलला नाही, कोडही बदलला नाही, तरी वेळ चुकली. कारण रुग्णाला यूटीसी तीन नको होते, दवाखान्याच्या भिंतीवरचे दहा हवे होते.

म्हणून अशा ठिकाणी स्थानिक तारीख-वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. शोध किंवा क्रम लावायला सोपं जावं म्हणून यूटीसीचा तिसरा कॉलम हवा तर ठेवा, पण तो पहिल्या दोनांवरून काढलेला आहे आणि नियम बदलले की परत काढायचा आहे, हे टेबलच्या कॉमेंटमध्ये लिहा. दर मंगळवारच्या मीटिंगसारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींनाही हेच लागू. आयकॅलेंडर फॉरमॅटमध्ये मीटिंगची सुरुवात स्थानिक वेळ आणि झोनच्या नावासह लिहितात ती याचसाठी.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी एक इशारा: "टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन" हा टाइप झोन साठवत नाही. आत टाकलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि बाहेर काढताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. नाव बघून फसणारे दरवर्षी भेटतात. क्षण ठेवायला हा टाइप उत्तम, पण झोनचं नाव हवं असेल तर वेगळा टेक्स्ट कॉलम लागतोच.

पायरी चौथी: बेरीज-वजाबाकी

ही पायरी सावकाश वाचा. बहुतेक पैसे इथेच चुकतात, आणि मी अक्षरशः पैशांबद्दल बोलतोय.

न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयाचं पेरोल घ्या. नर्सची रात्रपाळी संध्याकाळी सात ते सकाळी सात. ७ मार्च २०२६ ला ती सातला आली, ८ मार्चला सातला गेली. किती तास? घड्याळाकडे बघून बारा. प्रत्यक्षात अकरा, कारण पहाटे दोन ते तीन हा तास त्या रात्री आलाच नाही. यूटीसीत मांडून बघा: सुरुवात ८ मार्च ००:००, शेवट ८ मार्च ११:००. आता नोव्हेंबर. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सातपासून १ नोव्हेंबरच्या सकाळी सातपर्यंत: यूटीसीत ३१ ऑक्टोबर २३:०० ते १ नोव्हेंबर १२:००. तेरा तास. अमेरिकेच्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टप्रमाणे पैसे प्रत्यक्ष काम केलेल्या तासांचे द्यावे लागतात. सिस्टिमने दोन्ही वेळा घड्याळाचे बारा धरले, तर मार्चमध्ये रुग्णालय एक तास जास्त भरतं, नोव्हेंबरात नर्सचा एक तास बुडतो. मार्चची तक्रार कुणी करत नाही, नोव्हेंबरची मात्र लगेच येते.

हे गणित जावात आणि पायथॉनमध्ये करून बघा, कारण दोघं वेगळं वागतात. जावात दोन्ही वेळा झोन्डडेटटाइममध्ये घेऊन ड्युरेशनने अंतर काढलं तर अकरा येतात. पायथॉनमध्ये दोन्ही वेळांना झोनइन्फोचा "अमेरिका/न्यूयॉर्क" लावला आणि सरळ वजा केलं तर बारा येतात! हा पायथॉनचा बग नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना एकच झोन असेल तर पायथॉन भिंतीवरच्या घड्याळाची वजाबाकी करतं आणि ऑफसेटकडे बघत नाही. उपाय सोपा: आधी दोन्ही यूटीसीत बदला, मग वजा करा. झोन लावला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्याला हे फार उशिरा कळतं.

बेरजेतही तीच गोम. "उद्या याच वेळी" आणि "चोवीस तासांनी" या दोन वेगळ्या मागण्या आहेत. ७ मार्चला सकाळी नऊ वाजता रिमाइंडर लावला आणि एक दिवस मिळवला, तर ८ मार्चला सकाळी नऊच हवेत. चोवीस तास मिळवले तर दहा येतील. जावात यासाठी प्लसडेज आणि प्लसअवर्स अशा वेगळ्या मेथड आहेत, पोस्टग्रेसमध्ये "एक दिवस" आणि "चोवीस तास" हे इंटरव्हल वेगळे वागतात. औषधाची गोळी रोज नाश्त्यानंतर घ्यायची असेल तर दिवस मिळवा. डोस दर आठ तासांनीच हवा असेल तर तास. यातलं कुठलं, हे लायब्ररी सांगू शकत नाही. क्लायंटलाच विचारावं लागतं, आणि प्रश्न असा उदाहरण देऊन विचारलात तर उत्तर पटकन मिळतं.

जावास्क्रिप्टमध्ये आणखी एक जुनी सवय दिसते: दोन तारखांमधले मिलिसेकंद काढायचे, त्यांना ८,६४,००,००० ने भागायचं आणि खाली पूर्णांकात आणायचं, की झाले दिवस. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्चच्या मध्यरात्रीपासून ९ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत तेवीसच तास आहेत. भागाकार एकापेक्षा कमी, खाली आणलं की शून्य. हॉटेलमध्ये एक रात्र राहिलेल्या माणसाचं बिल शून्य रात्रींचं. ऐरोलीत याचं उत्तर बरोबर एक रात्र येतं, म्हणून कोड रिव्ह्यूत हे सुटतं. दिवस मोजायचे असतील तर तारखांचे टाइप वापरा, मिलिसेकंद नकोत.

पायरी पाचवी: नसलेली वेळ आणि दोनदा आलेली वेळ

८ मार्च २०२६ ला न्यूयॉर्कमध्ये पहाटे अडीच वाजलेच नाहीत. १ नोव्हेंबरला पहाटे दीड दोनदा वाजतात: पहिल्यांदा आपल्याकडे सकाळी अकराला, दुसऱ्यांदा बरोबर बाराला. वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये अशी वेळ भरली तर काय करायचं, हे तुम्ही ठरवलं नाहीत तर लायब्ररी ठरवते. जावा नसलेल्या वेळेला तेवढंच पुढे ढकलतं, अडीचचे साडेतीन करतं. दोनदा आलेल्या वेळेत पहिली घेतं. पायथॉन नसलेली वेळही बिनतक्रार धरून ठेवतं, आणि दोनदा आलेल्या वेळेसाठी फोल्ड नावाचा ध्वज देतं: शून्य म्हणजे पहिली, एक म्हणजे दुसरी. जावास्क्रिप्टच्या टेम्पोरल या तारीख-वेळेच्या नव्या सोयीमध्ये अशी वेळ आली तर थेट एरर द्या, असं सांगता येतं. नवीन कोड लिहिताना मला हा पर्याय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. निदान गुपचूप काही होत नाही.

हे कागदी वाटत असेल तर पत्रिकेचं ॲप डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतली मराठी कुटुंबंही बाळाची पत्रिका मांडतातच, आणि अशी ॲपं आपल्याकडचे डेव्हलपर बनवतात. तुमचा पत्रिकेवर विश्वास असो-नसो, इनपुट बरोबर घेणं तुमचं काम. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये १ नोव्हेंबरला पहाटे दीडला मूल जन्मलं. कुठल्या दीडला? एका तासाने पत्रिकेतलं लग्न बदलू शकतं, मग आजी विचारणारच. इथे लायब्ररीने गपचूप पहिली वेळ घेणं योग्य नाही. स्क्रीनवर दोन पर्याय द्या: "घड्याळ मागे करण्यापूर्वी" आणि "मागे केल्यानंतर". हा प्रश्न वर्षात एकाच तासासाठी दिसेल, तरी चालेल.

याच ॲपमध्ये आपल्या देशातलाही एक सापळा आहे. १९४३ साली ठाण्यात सकाळी आठला जन्मलेल्या आजोबांची पत्रिका. युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. म्हणजे आजच्या हिशोबाने ते सातच. जुने ज्योतिषी हा एक तास आठवणीने वजा करतात. "आशिया/कोलकाता" वापरलंत तर टाइम झोन डेटाबेसही तो आपोआप धरतो; साडेपाच तास हाताने लिहिलेत तर चुकतो. मात्र मुंबईत १९५५ पर्यंत टिकून राहिलेला बॉम्बे टाइम, म्हणजे यूटीसीच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, त्या झोनच्या नावात सापडणार नाही. १९७० च्या आधी जागोजागी असलेले फरक वेगळे झोन म्हणून ठेवण्याची हमी तो डेटाबेस देत नाही. तिथे "दाखल्यावरची वेळ कुठल्या घड्याळाची" असं माणसालाच विचारावं लागेल.

उलट संकष्टीचा चंद्रोदय सोपा आहे. तो क्षण आहे. शहराच्या अक्षांश-रेखांशावरून यूटीसीत काढा आणि शेवटी, दाखवताना, त्या शहराच्या झोनमध्ये बदला. ठाण्याच्या वेळेतून तास वजा करून न्यू जर्सीचा चंद्रोदय काढायला जाल तर डीएसटीच्या आधीच खगोलशास्त्रात चुकाल.

मध्यरात्र हीसुद्धा नसलेली वेळ असू शकते. इजिप्तने २०२३ मध्ये डीएसटी परत आणलं, आणि तिथे एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी घड्याळ रात्री बाराला थेट एकवर जातं. बैरूत आणि सँटियागोतही घड्याळ मध्यरात्रीच पुढे होतं. "दिवसाची सुरुवात म्हणजे शून्य वाजून शून्य मिनिटं" असं गृहीत धरू नका. जावात लोकलडेटवर झोन देऊन दिवसाची सुरुवात मागता येते, अशा दिवशी उत्तर बरोबर "एक वाजता" असं येतं.

पायरी सहावी: नुसती तारीख नुसतीच ठेवा

थोडक्यात: जन्मतारखेला वेळ चिकटवू नका. जावास्क्रिप्टमध्ये "२०२६-०३-०८" एवढीच स्ट्रिंग डेटला दिली तर ती यूटीसी मध्यरात्र मानली जाते. आपल्याकडे ती ८ मार्च, सकाळचे साडेपाच दिसते आणि तारीख बरोबर वाटते. न्यूयॉर्कमध्ये तीच ७ मार्चची संध्याकाळ होते. "एक दिवस आधीची दाखवतोय" असं टिकीट आलं की पहिल्यांदा इथे बघा. याचा डीएसटीशी थेट संबंध नाही, पण टिकिटं एकाच ढिगात येतात.

पायरी सातवी: क्रॉन आणि लॉग

अमेरिकन झोनवर लावलेल्या सर्व्हरवर रात्री एक ते तीनच्या दरम्यान कुठलाही क्रॉन जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, ठेवू नका. अडीचचा जॉब मार्चमध्ये गळू शकतो, दीडचा नोव्हेंबरात दोनदा धावू शकतो. काही क्रॉन हे सांभाळून घेतात, काही नाही. त्या भरवशावर राहू नये. सर्व्हर यूटीसीवर ठेवा. मात्र "रिपोर्ट क्लायंटच्या टेबलावर सकाळी सहालाच हवा" अशी अट असेल तर यूटीसीचा जॉब वर्षातले काही महिने तासभर चुकेल, तिथे झोन समजणारा शेड्युलर लागेल. जॉब चुकून दोनदा चालला तरी पैसे दोनदा जाणार नाहीत अशी सोय करा; ती एरवीही लागतेच.

लॉग यूटीसीत. स्थानिक वेळेतले लॉग १ नोव्हेंबरला वाचून बघा: दीडनंतर परत एक, आणि आधी काय झालं नंतर काय, काहीच लागत नाही.

पायरी आठवी: नियमांची प्रत ताजी ठेवा

सरकारं वेळ बदलताना तुमच्या रिलीजची वाट बघत नाहीत. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने डीएसटी पुढे ढकलल्याचं अगदी दोन-चार दिवस आधी जाहीर केलं. काही संस्थांनी ते मानलं, काहींनी नाही, देशात काही दिवस दोन वेळा चालल्या आणि मग निर्णय मागे घेतला. अशा वेळी टाइम झोन डेटाबेसची नवी आवृत्ती येते. ती तुमच्यापर्यंत पोचते का, हे तपासा.

गंमत म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये या नियमांच्या चार-पाच प्रती असतात. ऑपरेटिंग सिस्टिमची एक. जेव्हीएमची (जावाचे प्रोग्रॅम चालवते ती) स्वतःची वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली तरी ती बदलत नाही. पायथॉन सिस्टिमची प्रत वापरतं, ती नसेल तर टीझेडडेटा नावाचं पॅकेज. ब्राउझरची आणखी एक. छोट्या डॉकर इमेजमध्ये कित्येकदा ती नसतेच, मग झोनचं नाव दिल्यावर काही प्रोग्रॅम एरर देतात आणि काही चक्क यूटीसी धरतात. विंडोजची नावं तर वेगळीच, "इंडिया स्टँडर्ड टाइम" वगैरे. सर्व्हर आणि मोबाइल ॲप एकाच क्षणाची वेगळी वेळ दाखवत असतील तर दोघांच्या प्रती कुठल्या वर्षाच्या आहेत ते आधी बघा. आवृत्तीचं नाव वर्ष आणि एक अक्षर असं असतं, त्यामुळे जुनी प्रत लगेच ओळखू येते.

पायरी नववी: लॅपटॉप न्यूयॉर्कला न्या

टेस्ट चालवताना टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल "अमेरिका/न्यूयॉर्क" करा आणि पूर्ण संच परत चालवा. पहिल्यांदा कराल तेव्हा काही टेस्ट लाल होतील अशी तयारी ठेवा. सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सिस्टिममध्ये, हे कायमचं लावा: कोलकाता, न्यूयॉर्क, लंडन, लॉर्ड हाउ, सँटियागो. पहिल्या तीनांत क्लायंट सापडतो, शेवटच्या दोनांत गृहीतकं.

कोडमध्ये जागोजागी "आत्ता किती वाजले" असं थेट सिस्टिमला विचारू नका. घड्याळ बाहेरून द्या. जावात त्यासाठी क्लॉक आहे, पायथॉनमध्ये फ्रीझगनसारखी पॅकेज, जावास्क्रिप्टच्या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये नकली टायमर. मग ८ मार्चची पहाट कुठल्याही दिवशी आणता येते. किमान एवढ्या टेस्ट हव्यातच: तेवीस तासांचा दिवस, पंचवीस तासांचा दिवस, नसलेले अडीच, दोनदा येणारे दीड, आणि ८ ते २९ मार्चच्या मधली न्यूयॉर्क-लंडन मीटिंग.

आणि ऑन-कॉलवर असाल तर कॅलेंडरवर वेळ आपल्या घड्याळाने लिहा. १ नोव्हेंबर २०२६ ला न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्याकडे रविवारी सकाळी साडेअकराला मागे जाईल, लॉस एंजेलिसचं दुपारी अडीचला. दुपारी साडेबाराला न्यूयॉर्कचा दुसरा तास संपला की दोनदा धावलेले जॉब शोधा, आणि लॉस एंजेलिससाठी साडेतीनला परत एकदा. त्या रात्रीच्या पाळ्यांचं पेरोल बंद होण्यापूर्वी तेरा तासांच्या नोंदी हाताने तपासा. पुढच्या रविवारी, ८ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन आहे. निम्मी टीम गावी असेल, तेव्हा ही तपासणी त्या आधीच्या सोमवारीच उरकून घ्या.